तिसरा होकार

डेलिशाच्या पडवीत सोंगं घेऊन खेळायचा फाशांचा खेळ रंगला होता. खलनायक झालेल्या सृष्टीने निषिद्ध जादू काढली: समोरच्या तिघांनीही होकार दिला, तर एकाचा आत्मा कायमचा तिचा. निशाण्यावर होती डेलिशाने तीन वर्षं वठवलेली वैदीण. “तोंड उघडू नकात,” डेलिशाने गौरेश आणि डायलनला बजावलं. सृष्टीने हात जोडून देवळातल्या गाऱ्हाण्याचा सूर लावला: “बा देवा म्हाराजा, वैदिणीचो जीव घे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” दोघे देवळातल्या सवयीने गरजले, मग चपापले. “मेल्यांनो, ही जत्रा आसा?” डेलिशाने ओठ घट्ट मिटले. सृष्टीने त्याच गाऱ्हाण्याला आमिष जोडलं: “आणि ह्या घायाळ योद्ध्यांका सुखरूप राख रे म्हाराजा!” पटावर दोघांचे योद्धे शेवटच्या घटका मोजत होते, वैदिणीचं औषध संपलं होतं. “गप रव गो!” गौरेश डेलिशाकडे बघून पुटपुटला. “व्हय म्हाराजा,” डेलिशा म्हणाली.