धाकलूची फळी

धाकलू रुसलेल्या बायकोला आणायला सासुरवाडीला गेला. छे, गेलाच नाही. "तुमी न्यायला आल्याबिगर येनार नाय," असं सुंदरा म्हणाली होती, आणि "मेलो तरी येनार नाय," असं धाकलू.

सेहेचाळीस सालची गोष्ट. धाकलूने शेतातला चिखल सारखा करायची फळी तासली, गुडघे टेकायला तिच्यावर गोणपाट ठोकलं आणि वरच्या वीजघराने पाणी सोडताच पेज नदीच्या लाटेवर चाचणीला बसला. फळी थांबली ती थेट सासुरवाडीच्या पाणवठ्यावर, धुणं धुणाऱ्या सुंदरासमोर.

"आलात ना न्यायला?"

"मी कुठं आलो गं? नदीनं आनलं. बस मागं!"

सुंदरा पदर खोचून बसली. धाकलूचं घर मात्र नदीच्या वरच्या अंगाला.



सासरे आबाजींचा वीजघराच्या साहेबांस सविनय अर्ज: जावई व कन्या फळीवरून उतरत नसल्याने उद्याचे पाणी कृपया खालून वर सोडावे.