मध्ये उभा माणूस

व्हाइटफील्डच्या कंपनीत चिनी कागदपत्रांचं भाषांतर करणारी वल्लरी हल्ली आपली डायरीही चिनीतच लिहू लागली, तेव्हा तिच्या सासूबाईंना, प्रतिमाताईंना संशय आला. सून नक्कीच काहीतरी लपवत होती.

चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "अगं, वर खिडकीसारखा चौकोन आणि खाली दोन पाय, हे चिनी अक्षर कसलं गं?"

"सीमा," वल्लरी म्हणाली. "वरचा चौकोन म्हणजे शेत. खाली मध्ये उभा राहून दोन बाजू वेगळ्या करणारा माणूस. फार जुन्या ग्रंथांत शेतांच्या हद्दीसाठी ते येतं."

"असं होय! पण मग पानापानावर तेवढं एकच कशासाठी?"

वल्लरीने कप खाली ठेवला.

"जी डायरी उघडून बघते तिच्यासाठी, आई."