उतार सगळ्यांसाठी

"जरा उठता का?" अध्यक्षांनी क्वीनताईंना विचारलं आणि लगेच जीभ चावली. म्हणजे चावल्यासारखं केलं.

क्वीनताई आपल्या चाकाच्या खुर्चीत, नव्या उताराच्या तोंडाशी बसल्या होत्या. मांडीवर रुमालात गुंडाळलेला स्ट्रायकर. सभागृहाच्या पायऱ्या फोडून गवंड्यानं असा उतार काढला होता की वरून सोडलेलं लिंबू नवरदेवासारखं ऐटीत खाली यावं. दोन्ही अंगांना कठडे, आंधळ्याच्या काठीला कळतील अशा खरबरीत फरशा, वर रुंद दार, आणि दाराशी बसल्या माणसाच्या हाताला लागेल इतक्या खाली घंटा.

आत कॅरमचा बोर्ड पावडर मारून तयार होता. उताराचं काम चालू असल्यानं यंदाच्या आधीच्या फेऱ्या अंगणातच झाल्या होत्या; उद्घाटन झालं की आत अंतिम सामना, अध्यक्ष आणि क्वीनताईंचा. पाय गेल्यापासून ताई त्या पायऱ्या चढल्या नव्हत्या, आणि तेव्हापासून करंडक अध्यक्षांच्या कपाटातून हलला नव्हता. त्याआधी ताई नुसत्या शिंकल्या तरी क्वीन आपण होऊन पॉकेटमध्ये जाऊन बसायची. लोक असं सांगतात, आणि लोक थोडं कमी करूनच सांगतात.

"दोन मिनिटं खुर्ची हवी होती," अध्यक्ष म्हणाले. "उद्घाटनाला मीच बसून वर जातो."

"तुमचे पाय तर चांगले ठणठणीत आहेत!"

"अहो ताई, दर सभेला खालून ओरडून तुम्हीच सांगत होतात ना, उतार माझ्या एकटीसाठी नको, सगळ्यांसाठी हवा म्हणून? तुम्ही वर गेलात तर लोक म्हणतील, बिचारीची सोय केली. मी गेलो तर म्हणतील, सगळ्यांची केली."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. ताईंचं वाक्य ताईंच्याच अंगावर आलं होतं. तोवर भावजयीनं त्यांच्या काखेत हात घातलेसुद्धा.

"फोटो होईपर्यंतच हो, वन्सं. लगेच आणून देतील."

त्यांना उचलून खाली कठड्यालगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवलं. अध्यक्ष चाकाच्या खुर्चीत बसले, ढकलणारे ढकलू लागले. वर पोचल्यावर त्यांनी असे हात हलवले की जणू डोंगर सर केला. टाळ्या झाल्या. रुंद दारातून माणसं भराभर आत गेली, कुणाचा कुणाला धक्का नाही.

"मी तुमच्यासाठी जागा धरते हं," म्हणत भावजयही गेली. दार आपोआप मिटलं.

ताई बसून राहिल्या. मुठीत स्ट्रायकर गरम झाला. घंटा वर होती.

आतून माइकवर पंचांचा आवाज आला. "क्वीनताई! दुसऱ्यांदा पुकारतोय, क्वीनताई!"

"अहो, इथं आहे! खाली आहे मी!"

"तिसऱ्यांदा."

मग आत टाळ्या वाजल्या, मघापेक्षा जोरात.

दार उघडलं. अध्यक्ष आपल्या पायांनी बाहेर आले. एका काखेत करंडक, दुसऱ्या हातानं रिकामी खुर्ची ढकलत.

"वाईट वाटलं हो, ताई. पण नियम म्हणजे नियम. खेळाडू बोर्डापाशी नको का?" त्यांनी खुर्ची उताराच्या कडेला आणली. "पुढच्या वर्षी नक्की या. आता काय, उतार आहेच."

आणि त्यांनी हात सोडला.

गवंड्याचं काम चोख होतं. खुर्ची न डगमगता, रेषेत खाली आली, सपाट फरशीवर मंदावली. ताईंनी कठडा धरून दुसरा हात जेवढा जाईल तेवढा ताणला. बोटांना चाकाचा वारा लागला. चाक लागलं नाही; खुर्ची चार हात पुढे जाऊन थांबली.

वर दार मिटलं. ताईंनी एक डोळा बारीक करून मधलं अंतर मोजलं, पूर्वी क्वीनचं मोजायच्या तसं.