उशीतला कापूस

माझी उशी चपटी का झाली, ते सकाळी कळलं. तिच्यातला अर्धा कापूस श्रीरंगने घरी बनवलेल्या स्पीकरच्या खोक्यांत कोंबला होता.

“आवाज घुमतोय गं,” माझा नवरा शांतपणे म्हणाला. “आतून कापूस लावला की थांबेल.”

“आधी थर्माकोल लावलास, मग पुठ्ठे. थांबला का? आता माझ्या उशीच्या जिवावर उठलास!” महिनाभर घरात नुसता लाकडाचा भुसा. चहातसुद्धा भुसा. माझं डोकंच फिरलं. “भंगारात दे ती खोकी!”

त्याने शेवटचा स्क्रू आवळला आणि आमच्या साखरपुड्याची कॅसेट लावली. बावीस वर्षांत तिच्यातून गलक्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. आज माझे बाबा बोलले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झालीत.

“जावईबापू, पोर तापट आहे हो माझी. सांभाळून घ्या.”

मी तडक आत गेले. उरलेली उशी आणून श्रीरंगच्या मांडीवर आपटली.

“अजून घुमतंय,” मी म्हणाले. “हा सगळा कापूस घाल आणि पुन्हा लाव.”