शेवटचा तास

“पेनानं नको लिहू, पोरी. विषय लिहाच्या रकान्यात आधी पेन्सिलनं लिही,” कवडू म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून त्यानं भावनापुढे सरकवली.

कवडू कॉलेजच्या प्रयोगशाळेतला परिचर. चाव्या, चंचुपात्रं आणि बेडकांच्या बरण्या सांभाळणं एवढंच त्याचं काम. पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे फॉर्म निघाले की दिघोरीकडची पोरं आधी त्याच्याच टेबलाभोवती गोळा व्हायची. प्राध्यापकांना विचारायची कुणाची छाती होत नसे, आणि कवडू आपल्या गावचा माणूस. त्याला त्या विषयांतलं काय कळत होतं? कोणता तास किती वाजता सुटतो आणि कोणती बस किती वाजता निघते, एवढंच. कपाटाच्या दाराला आतून त्यानं दोन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी चिकटवली होती. त्यांच्यावर बोट फिरवून तो पोरींचे विषय ठरवायचा. पोरगी दिवस मावळायच्या आत घरी पोचली की आईबाप त्याचं नाव काढायचे, आणि कवडूला ते फार गोड लागायचं.

आज भावनाच्या मागे तिची मोठी बहीण हर्षा उभी होती. तिच्याकडे बघायचं तो मघापासून टाळत होता.

पाच वर्षांपूर्वी हर्षाही याच टेबलाशी आली होती. बारावीला तिनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले होते, दोन्हींत मार्कही चांगले. “काका, पुढं काय कराचं ते आजून ठरलं नाही. सारे रस्ते खुले राहतीन असे विषय सांगा,” ती म्हणाली होती. गणिताचा तास शेवटचा, साडेपाचला सुटणारा, आणि गणिताशिवाय भौतिकही मिळत नसे. दिघोरीची शेवटची बस चारची. कवडूनं कपाट उघडलं, बोट फिरवलं आणि रसायन, वनस्पती, प्राणी असे तीन विषय लिहून मोकळा झाला.

ऑगस्ट संपता संपता बसची वेळ बदलली. चारची साडेपाच झाली. विषय बदलायला अजून तीन दिवस बाकी होते. हर्षा अर्ज लिहून घेऊन आली, तर कवडूच म्हणाला, “आता कायले उलटापालट करतं? बेडूक चिराची पेटी घेऊन झाली न तुही?” पेटी त्यानंच वरच्या वर्गातल्या एका पोराकडून स्वस्तात मिळवून दिली होती. ती वाया जाईल म्हणून त्याचा जीव हळहळला. पेटीसाठी हळहळला, शहाणा! हर्षानं अर्जाची घडी केली आणि परत गेली.

पुढे तिला भौतिकशास्त्राचं एम.एस्सी. करायचं होतं. पदवीला ना भौतिक, ना गणित. तिचा अर्ज कुणी हातातसुद्धा घेतला नाही. आता ती रक्त तपासायच्या दुकानात बाटल्यांवर लोकांची नावं चिकटवत होती.

“काका, बस किती वाजताची हाये आता?” भावनानं विचारलं. “नसंन जमत, तर मी ताईचेच विषय घेतो.”

कवडूचा हात सवयीनं कपाटाकडे गेला. कडीला लागला आणि तिथंच थांबला.

“गणित घे,” तो म्हणाला. “भौतिक, रसायन, गणित. बसचं मी पाहीन. नाही भेटली तर मी सायकलवर आणून सोडीन, पण गणित घे. आन् पेन्सिल ठेव ते. पेनानंच लिही.”

भावनानं फॉर्मखाली धरायला पिशवीतून एक जाड वही काढली. कव्हरवर शाईनं लिहिलं होतं: गणित, प्रथम वर्ष. खाली नाव हर्षाचं.

“हे कोठची वही?” कवडूनं विचारलं.

“ताईची. हिच्यातूनच शिकवीन म्हणते मले.”

कवडूनं फॉर्म बाजूला सारून वही उघडली. पानोपानी तारखा होत्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. हर्षाचे तास साडेतीनला सुटायचे आणि बस साडेपाचची, म्हणून त्या वर्षी ती रोज व्हरांड्यात बसून राहायची. गणिताच्या वर्गाच्या खिडकीखाली. पोरगी किती वेळ जमिनीवर बसेल, म्हणून कवडूनंच प्रयोगशाळेतलं स्टूल तिला नेऊन दिलं होतं. बेडकांची चित्रं काढत असेल, असं त्याला वाटायचं. येता-जाता तो कौतुकानं तिच्याकडे बघायचाही.

अक्षर सुरेख होतं. फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं. फक्त प्रत्येक तारखेचं शेवटचं गणित अर्ध्यावर तुटलेलं होतं. दोन ओळी, कुठे तीन, आणि खाली कोरी जागा.

“आन् हे शेवटचे सारे अर्धेच काहून?” कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्यानं विचारलं.

हर्षानं वाकून वही पाहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर कवडूला बरं वाटलं असतं.

“सव्वापाचले उठा लागे न, काका,” ती म्हणाली. “साडेपाचची बस होती.”