विचारलंच नाही

प्रशील आणि मृणाली जळगावात भाड्याचं घर शोधत होते. मालक आधी आडनाव विचारायचे, मग जात, आणि मग म्हणायचे, "अहो, घर कालच दिलं!"

आज मात्र घरमालक आधारनाना नळ, गच्ची, सगळं दाखवत नुसते बोलत सुटले होते. तो प्रश्न काही येईना. मृणालीच्या मनात एकच विचार होता: सामान आणल्यावर कळलं तर?

शेवटी प्रशीलला राहवलं नाही. "नाना, नंतर कटकट नको. आम्ही बौद्ध आहोत."

नानांनी आत बायकोला हाक मारली.


"भागाबाई, बाबासाहेबना फोटो परत भिंतवर लाव. ह्या आपलाच माणसं शेतस!"