काहून?

माझी आई कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते. "मोठ्यांनी सांगितलं म्हणून काहीच मानू नका, आधी 'काहून?' विचारा," हे तिचं वर्गातलं लाडकं वाक्य. घरी मी विचारलं, "कुही गावच्या कबड्डी शिबिराला मला काहून नाही जाऊ देत?" तर म्हणे, "मी सांगून राहिली म्हणून!"

मग काय! शनिवारी शाळा लवकर सुटली, तशी मी थेट तिच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. तास संपताना आईनं विचारलं, "कोणाला काही शंका?" आणि मी हात वर केला.

"मॅडम, एका मुलीची आई तिला कबड्डी शिबिराला जाऊ देत नाही. काहून विचारलं, तर 'मी सांगून राहिली म्हणून' म्हणते. हे नीतीत बसतं का?"

आईनं तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरचा एक दादा उठला. मी कोणाची कोण, त्याला काय माहीत!

"मॅडम, तिच्या आईले एक दिवस तुमच्या लेक्चरले बसवा ना!"

अख्खा वर्ग खदखदून हसला.



आईनं हळूच डस्टर खाली ठेवलं. "जाय वं माय, भर बॅग!"